तिसऱ्या टेबलावर

मंगळवार, ७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आधी तुझी तब्येत विचारते, नाहीतर तू म्हणशील कार्टी स्वतःचंच घेऊन बसली. पायांची सूज उतरली का? रात्री पायांखाली उशी घेतेस ना? आई म्हणते, तू फोनवर 'हो हो' करतेस आणि उशी डोक्याखालीच ठेवतेस. फोनवर तू मला पुढे बोलूही देत नाहीस, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर बोललेलं परत तपासता येत नाही. पत्र निदान टाकायच्या आधी वाचून बघता येतं.

मी बरी आहे. खोलीला खिडकी मिळाली आहे. समोर शिंप्याचं दुकान आहे आणि तो दिवसभर मशीन चालवता चालवता बायकोशी भांडतो. मशीन थांबलं की भांडणही थांबतं. जेवते वेळेवर. झोपते बऱ्यापैकी.

आता बातमी. तुझा पिक्चर आमच्याकडे आला आहे.

आमच्याकडे जुन्या पिक्चरची साफसफाई होते, ते तुला माहीत आहे. मामा त्याला 'फडकं मारायचं काम' म्हणतो. ओरखडे, डाग, धुळीचे ठिपके, एकेक चित्र समोर घेऊन काढायचे. यादीत नाव वाचलं तेव्हा मी मॅडमना लगेच सांगून टाकलं की माझी मावशी यात आहे, टायपिस्टांच्या गाण्यात, तिसऱ्या टेबलावर. न सांगता काम घेणं मला बरं वाटेना. मॅडम म्हणाल्या, "बरं, मग त्या गाण्याला जरा जास्त घास." आणि ते गाणं मलाच दिलं.

इतक्यांदा बघितलंय आता, की भांडी घासतानाही टाइपरायटरची घंटी ऐकू येते. तुला पाठच असेल, तरी लिहिते. मोठं ऑफिस, टायपिस्ट मुलींची टेबलं रांगेत, आणि जिना चढून वर साहेबांची काचेची केबिन. नायिका नवीन लागलेली. तिला दुपारची सुट्टी हवी आणि मागायची छाती होत नाही. ती टाइप करायला लागते, ओळ संपली की घंटी वाजते, शेजारची त्या घंटीवर ड्रॉवर आपटते, पलीकडची शिक्का मारते, आणि बघता बघता सगळं ऑफिस ठेक्यात येतं. साहेबांनी काचेतून डोकावलं की सगळ्या माना खाली. साहेब वळले की फायली पुन्हा हवेत.

लहानपणी मला वाटायचं, ऑफिस म्हणजे असंच असणार. पहिल्या नोकरीत आठवडा गेला तरी कोणी तालात ड्रॉवर आपटला नाही, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्या गाण्यात नाच तेवढा खोटा आहे, बाकी सगळं खरं आहे. साहेबांच्या तोंडावर जे म्हणता येत नाही, ते माणसाच्या हातापायांतून कुठून तरी बाहेर पडतंच. आमच्याकडे आवाज दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याला सगळे कानसेन म्हणतात. मॅडमनी रजा नाकारली की तो दिवसभर पेनाचं टोपण काढतो आणि लावतो. तेही गाणंच. फक्त त्यावर कोणी उठून नाचत नाही.

मी शाळेच्या फाटकाला धरून रडायचे म्हणून तू मला घरीच शिकवायला घेतलंस, तेव्हाही तुझा असाच ठेका असायचा. तू टेबलाशी बसून भाजी निवडायचीस आणि मी टेबलाखाली. समोर उभं राहून पाढे म्हणायला मी घाबरायचे, खालून मात्र घडाघडा म्हणायचे. चुकले की वरून तुझा आवाज, "पुसलं. पुन्हा म्हण." अजूनही ऑफिसात चूक झाली की मी मनात तेच म्हणते.

काम झालं की डिसेंबरात इथल्या हॉलमध्ये खेळ आहे. मामाला कळलंय. त्याने सगळ्या खानदानाला निमंत्रणं दिली आहेत, जणू पिक्चर त्यानेच काढला. "आमची ताई दिसली की मी उभा राहून टाळ्या वाजवणार, मग मागचे ओरडले तरी चालेल," म्हणतो.

एक सहज विचारायचं होतं. तिसरं टेबल म्हणजे डावीकडून तिसरं की उजवीकडून? आणि तेव्हा तुझे केस कसे होते? कामासाठी नाही, उगीच आपलं.

तू येशील ना?

तुझी
किंतू

ता. क. दोन्हीकडून मोजलं तरी तिसरं टेबल एकच येतं, हे पाकीट बंद करताना लक्षात आलं. तिथली मुलगी डाव्या हाताने शिक्का मारते. मावशी, तू कधी डावखुरी होतीस का?


गुरुवार, १६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं कार्ड मिळालं. सूज 'येऊन जाऊन' आहे म्हणजे आहेच, असं मी समजते. डॉक्टरांकडे आईला घेऊन जा, मामाला नको. तो डॉक्टरांना बोलू देत नाही.

बाकी तू तीनच वाक्यं लिहिलीस. 'तिसरं ते तिसरं. डावखुरी मी नव्हते. मला काही यायला जमणार नाही, तिथे पायऱ्या फार असतील.'

हॉलला पायऱ्या किती, हे तू विचारलंसुद्धा नाहीस.

मागच्या पत्रात मी जे लिहायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं लिहिलं. आता लिहिते. मी तुला त्या गाण्यात शोधलं आणि तू सापडली नाहीस. तिसऱ्या टेबलावर नाही, दुसऱ्या कुठल्याही टेबलावर नाही, फायली उडवणाऱ्यांत नाही. एकेक चेहरा मोठा करून बघितला. मग मला वाटलं की तू आम्हाला खोटं सांगितलंस. लहानपणापासून पाहुण्यांना हसून सांगितलेली ती गोष्ट, मामाची बढाई, सगळंच. चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. त्या रागात तू पाठवलेला स्वेटरही घातला नाही आणि सर्दी करून घेतली. मला खोटं बोलायचं नाही हे तूच शिकवलंस ना, म्हणून जास्त लागलं.

मग सोमवारी मी जिन्याचा शॉट साफ करायला घेतला.

गाण्याच्या शेवटी नायिका हिय्या करून टेबलावरून उठते आणि साहेबांच्या केबिनकडे निघते. तिथे वाद्यं बंद होतात. फक्त बुटांचा आवाज आणि मधूनच टाइपरायटरची घंटी. तिची पाठ आपल्याकडे. टेबलांमधून नाचत, जिन्याच्या पायथ्याशी घटकाभर थबकून, ती नाचत नाचत वर जाते आणि वर पोचून वळते, तेव्हा पुढच्या शॉटमध्ये तिचा चेहरा येतो. हा तुकडा लोकांना इतका आवडतो की तिला सगळे नाचाची राणी म्हणतात.

जिन्याच्या पायथ्याशी जमिनीवर एक पांढरा डाग आहे. मला वाटलं, रिळावरचा असेल. पण तो जागचा हलत नव्हता, म्हणजे जमिनीवरचाच. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "खडू असणार तो. नाचणाऱ्याने कुठे थांबायचं त्याची खूण करायचे. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून तिथून निघताना ती पायानेच पुसायची, असा रिवाज होता. ही अर्धवट पुसली गेली आहे. काढून टाक."

काढायला म्हणून मी तेवढा भाग मोठा केला. आणि पाय बघितले.

आधी चवडा टेकला. मग बाहेरच्या बाजूने अर्धगोल फिरला. आणि शेवटी टाचेने हलकेच दाब दिला, पुसलेलं परत वर येऊ नये म्हणून दिल्यासारखा.

मावशी, मी टेबलाखाली बसून शिकले. तुझा चेहरा मला तेव्हा दिसायचाच नाही. पाढ्यांचा ठेका धरणारे, मी चुकले की थांबणारे, आणि 'पुसलं' म्हणताना फरशीवर असा अर्धगोल काढणारे तुझे पाय तेवढे दिसायचे. ती खूण तू कुठून उचललीस, असं मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला वाटायचं सगळ्याच मावश्या असं पुसतात.

कानसेन मागून येऊन म्हणाला, "काय गं, डागाला नजर लावतेस का?" मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. हे खोटंच होतं. तो म्हणाला, "या नायिकेचं एक नवल आहे. बाकीच्या गाण्यात खांदे बघावेत तर ठेक्याच्या मागे, आणि इथे पाय बघावेत तर ठेकाच त्यांच्या मागे."

आता अडचण ऐक. जुना पिक्चर जवळजवळ चौरस आहे, आणि हॉलचा पडदा रुंद. म्हणून प्रत्येक शॉटमध्ये वरचा किंवा खालचा पट्टा कापावा लागतो. कुठे काय कापायचं हे मी सुचवायचं आणि मॅडमनी ठरवायचं. त्यांचा नियम एकच, डोकी कापायची नाहीत. जिन्याच्या शॉटमध्ये वर केबिनच्या काचेत साहेब उभे आहेत, घाबरून टाय सारखा करत, आणि त्यांच्या त्या चेहऱ्यावर लोक हसतात. वरचं ठेवलं तर खालचे पाय जातात. पाय ठेवले तर साहेब जातात.

शॉट कुठल्याही परक्या बाईचा असता तरी मी म्हटलं असतं की पाय ठेवा. असं मला वाटतं. पण खरंच म्हटलं असतं का? सोमवारच्या आधी मी स्वतःच तिथे 'वरचं ठेवावं' अशी खूण करून ठेवली होती. आता ती बदलली तर ती कोणासाठी बदलली?

कोणाचे पाय आहेत हे मॅडमना सांगितलं, तर त्या कदाचित ठेवतील. नावही लावतील, त्या तशा आहेत. पण तू इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाहीस, त्याला काहीतरी कारण असेल. ते मला कळू नये असं असेल तर नको सांगूस. फक्त एवढं लिही, मी बोलू का गप्प बसू? पुढच्या शुक्रवारी ठरणार आहे.

स्वेटर घातला आहे. सर्दी उतरते आहे.

तुझी
किंतू


रविवार, २६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र बुधवारी आलं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं, नंतर कॅन्टीनमध्ये, नंतर घरी. तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मी नीट समजले की नाही ते तुला बघता येईल.

'तू पायांबद्दल जे लिहिलंस ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्यावर मी काही म्हणणार नाही. काही म्हणणार नाही असं मी एकदा कोणालातरी म्हटलंय. तिने धाक घातला असता तर दुसऱ्याच दिवशी गावभर केलं असतं. तिने नुसतं मागितलं. आता ती नाही, म्हणजे मला मोकळं करायलाही कोणी उरलेलं नाही. तिसरं टेबल माझंच होतं. तिथे बसायच्या आधी मला दुसरीकडे बोलावलं, एवढंच. घरी काहीतरी सांगणं भाग होतं. तू तुझं काम माझ्याकडे बघून करू नकोस. कापायचं असेल तर काप. माझे पाय घरी आहेत, उशीवर.'

शेवटचं वाक्य वाचून मी कॅन्टीनमध्ये हसले आणि मग रडले, आणि कॅन्टीनवाल्याने न मागता चहा आणून ठेवला.

शुक्रवारचं सांगते. जसं झालं तसंच.

मी दोन तुकडे करून नेले होते. एकात वरचं ठेवलेलं, एकात खालचं. अंधाऱ्या खोलीत मॅडम, मी आणि मागे कानसेन. आधी वरचा लावला. साहेबांचा चेहरा मस्त दिसला, मॅडम हसल्यासुद्धा. पण नायिका कमरेपासून वरच होती, आणि बुटांचा आवाज नुसताच येत राहिला. कानसेन मागून म्हणाला, "शेजारच्या घरात कोणीतरी नाचतंय वाटतं."

"तू गप्प बस," मॅडम म्हणाल्या. मग खालचा लावला; पाय दिसले, साहेब गेले. "तुला काय वाटतं?" मॅडमनी मला विचारलं.

मी म्हटलं, "इथे वाद्यं थांबतात, तेव्हा जे काही आहे ते पायांतच आहे. सुरुवात खालून ठेवावी आणि ती जिना चढते तशी आपली चौकटही हळूहळू वर न्यावी. वर पोचेपर्यंत साहेब दिसतील."

"शॉटमध्ये चौकट हलवायची नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलंय."

"हो."

"तुझी आधीची खूण वरची होती. का बदललीस?" मग त्यांनीच पडद्याकडे बोट केलं. "तुझी मावशी तिसऱ्या टेबलावर ना? ती तर दोन्हीकडे दिसतेय. म्हणजे तुझा यात काही स्वार्थ नाही. मग बोल की मोकळेपणाने."

मावशी, तिथे मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनीच मला सोडवलं होतं, आणि चुकीचं बोलणं त्यांचं होतं, माझं नव्हतं. पण पडद्यावर ती डावखुरी मुलगी शिक्का मारत होती आणि मला वाटलं, तिच्या आडून मी तुझ्यासाठी काही मिळवलं, तर ते मिळवलेलं तुला नको असेल.

मी म्हटलं, "मॅडम, माझा यात संबंध आहे. काय ते मला सांगता येत नाही, कारण ते माझं नाही. माझं मत धरू नका. मी बाहेर थांबते, तुम्ही दोघं ठरवा."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "नोकरी सोडून चाललीस का?"

"नाही. फक्त बाहेर."

"मग जा."

बाहेरच्या बाकावर बसले. दारातून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. बूट, घंटी, बूट. चित्र दिसत नव्हतं, नुसता ठेका, आणि मी टेबलाखाली बसल्यासारखी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पाय कापले गेले तर तुला काय लिहायचं, याचं वाक्य मी जुळवत होते. ते शेवटपर्यंत जुळलं नाही.

मग दार उघडलं. मॅडमनी चष्मा काढला होता. "हलवू चौकट," म्हणाल्या. "एवढ्या एका शॉटपुरती. बाकीच्यांना सांगू नकोस, उद्या सगळे हलवत बसतील." मी उठून आत जायला लागले तर म्हणाल्या, "आणि तो खडू काढू नकोस. पाय काहीतरी पुसतोय, तर पुसायला काहीतरी हवं ना तिथे."

मी "हो" म्हटलं.

"ती पायाने पुसते कशी, बघितलंस?"

"हो."

"हे त्या नायिकेचे पाय नाहीत. मला आज दिसलं. कोणाचे, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. कोणाला माहीत असलं तर..." त्या थांबल्या. मी चपलांकडे बघत राहिले. माझे कान लाल झाले असतील. मॅडम म्हणाल्या, "बरं. नसेल कोणाला माहीत." आणि गेल्या.

मी काही सांगितलं नाही, मावशी. पण 'माझा संबंध आहे' एवढं म्हटल्याने तुझा शब्द थोडा तरी मोडला का, हे मला रात्रंदिवस छळतंय. मोडला असेल तर तसं लिही. मी ऐकून घेईन. पुसता मात्र येणार नाही.

आता खेळाचं. नऊ डिसेंबर, संध्याकाळी. हॉलला बाहेरून पाच पायऱ्या आहेत, मी स्वतः चढून आले, आणि बाजूने सामान न्यायचा उतार आहे, त्यावरून तुला चाकांच्या खुर्चीतून आरामात नेता येईल. चौकीदाराशी बोलून ठेवलंय. म्हणजे पायऱ्यांचं कारण संपलं. दुसरं कुठलं असेल, तर मला वाटतं मला ते कळलं आहे, आणि तेही संपलं. तू त्या पिक्चरमध्ये नाहीस म्हणून यायला संकोचत होतीस. तू आहेस. रुंद पडद्यावर आहेस, टाचेपासून.

मामा तिसऱ्या टेबलाला टाळ्या वाजवील. वाजवू दे. तुझंच टेबल होतं ते. आणि ती डावखुरी मुलगीही कोणाची तरी ताई असेलच, तिलाही कोणीतरी वाजवायला हव्यात. घरी जाताना मामा विचारेल, "ताई, तू डाव्या हाताने शिक्का कशी गं मारत होतीस?" त्याचं उत्तर तू शोधून ठेव. मी त्यात पडणार नाही, मला खोटं बोलता येत नाही, आणि ते तुझ्यामुळेच.

तू माझ्याशेजारी बस, कडेच्या खुर्चीवर, म्हणजे पाय लांब करता येतील. वाद्यं थांबतील तेव्हा मी तुझ्याकडे वळून बघणार नाही. पडद्याकडेच बघेन, शब्द दिल्यासारखी. फक्त ती जिन्याच्या पायथ्याशी थबकेल, तेव्हा अंधारात खुर्चीखाली तुझा पाय हलला तर मला तो ऐकू येईल. मामाला येणार नाही. तो टाळ्यांत असेल.

तुझ्या पायाशी बसून शिकलेली,
किंतू